लकवा : रक्ताचा दोष की व्यवस्थेचा?

महात्मा जोतीराव फुले यांना १८८८ साली अर्धांगवायूचा झटका आला. शरीराची उजवी बाजू लुळी पडली. लिहिता हात गेला. तरीही डाव्या हाताने लिहिण्याचा सराव करून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. ते त्यांच्या निधनानंतर, १८९१ साली प्रसिद्ध झाले. ही हकीकत आपण जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांतून अनेकदा ऐकतो आणि जिद्दीचा आदर्श म्हणून ती सांगतोही. पण ज्या रोगाने जोतीरावांचा उजवा हात नेला, तो रोग कोणाला होतो, का होतो, आणि कोणत्या समाजात तो लवकर येऊन उभा राहतो, याची चर्चा आपल्या व्यासपीठांवर सहसा होत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतील काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना अर्पण केली. त्या मुक्तीला आज दीडशेहून अधिक वर्षे झाली आहेत. त्या मुक्त झालेल्या माणसांच्या वंशजांत आज हाच रोग, अर्धांगवायू, गोऱ्यांच्या मानाने अधिक प्रमाणात आणि फार लवकरच्या वयात आढळतो. कायद्याने बेडी तुटली. मग धमनीत काय अडकून राहिले? हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. तो आपलाही आहे. म्हणून ही मांडणी.

१

आमच्या गावाकडे लकव्याला ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. माझ्या बापाच्या अंगावरून वारे गेले तेव्हा मी नोकरीला लागून दुसरेच वर्ष होते. बाप आयुष्यभर सालदार. पहाटे बैलांना वैरण टाकायला उठला आणि गोठ्यातच कोसळला. तोंड वाकडे झाले, जीभ जड झाली. लोकांनी त्याला आधी शेजारच्या गावी नेले. तिथला एक माणूस कबुतराचे रक्त चोळायचा. दोन दिवस तिथे गेले. मी पोचलो आणि त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी नेले तेव्हा रक्तदाब २१० होता. डॉक्टरांनी विचारले, ‘यांना बीपी कधीपासून आहे?’ मला उत्तर देता आले नाही. कारण बापाच्या दंडाला ती पट्टी आयुष्यात पहिल्यांदाच बांधली गेली होती.

गावातल्या लोकांना मी दोष देत नाही. जिथे दवाखाना बस बदलून गाठावा लागतो आणि एका खेपेत दोन दिवसांची मजुरी जाते, तिथे कबुतर जवळ असते. अंधश्रद्धा अज्ञानातून वाढते, तशी ती अंतरातूनही वाढते. पण ‘वारं’ या शब्दाने एक नुकसान मात्र होते. वारे कुठून येईल ते सांगता येत नाही, त्याला अडवता येत नाही. म्हणजे ते दैव ठरते. लकवा हे वारे नाही. तो येण्याआधी वर्षानुवर्षे शरीरात तयार होत असतो, आणि बहुतेक वेळा तो अडवता येतो.

मेंदूला रक्त पोचवणारी नस गुठळीने बंद झाली किंवा फुटली, म्हणजे त्या भागातील पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. तो भाग ज्या अवयवाचा कारभार पाहतो तो अवयव थांबतो. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली तर शरीराची उजवी बाजू जाते, आणि पुष्कळदा वाचाही जाते. नस बंद होण्याचे प्रकार जगात सर्वत्र जास्त आहेत; पण नस फुटण्याचे प्रमाण श्रीमंत देशांपेक्षा आफ्रिकेत आणि आशियात अधिक दिसते. फुटण्यामागे मुख्यतः एकच गोष्ट असते : उपचार न झालेला उच्च रक्तदाब. रक्ताचा दाब वर्षानुवर्षे वाढलेला राहिला की मेंदूच्या खोल भागातील बारीक नसा जाड, ठिसूळ होत जातात. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो, ओझी उचलतो, नांगर धरतो. दुखत काहीच नाही. म्हणूनच तपासल्यावाचून हा रोग कळत नाही, आणि ज्याला तपासणी मिळत नाही त्याला तो कोसळल्यावरच कळतो.

२

लकव्याची कारणे सर्व देशांत सारखी आहेत काय, हे शोधण्यासाठी ‘इंटरस्ट्रोक’ नावाचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१० आणि २०१६ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या टप्प्यात ३२ देशांतील १३ हजारांहून अधिक रुग्ण घेतले होते. भारतही त्यात होता. निष्कर्ष असा की, टाळता येण्याजोग्या दहा कारणांचा मिळून लकव्याच्या एकूण ओझ्यात सुमारे ९० टक्के वाटा आहे. ती कारणे म्हणजे उच्च रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, पोटाचा घेर, सदोष आहार, व्यायामाचा अभाव, दारू, हृदयाचे विकार आणि मनावरचा ताण. यांत उच्च रक्तदाबाचा वाटा एकट्याचाच जवळजवळ निम्मा. प्रदेशाप्रमाणे कोणत्या कारणाचे वजन किती ते बदलते. पण यादी तीच राहते.

ही यादी वाचून प्रस्थापित मंडळी लगेच म्हणतात, ‘पाहा, सगळे तुमच्याच हातात आहे. मीठ कमी खा, तंबाखू सोडा, फिरायला जा, चिंता करू नका.’ उपदेश खोटा नाही, पण तो अर्धवट आहे. कारणांनाही कारणे असतात. एका वस्तीत मीठ अधिक का खाल्ले जाते, तंबाखूची गोळी दाढेखाली का ठेवली जाते, ताण कोणाच्या वाट्याला येतो, गोळी कोणाला महिनोन्‌महिने मिळते आणि कोणाची मध्येच बंद पडते, हे विचारल्याशिवाय यादी पुरी होत नाही. अमेरिकेतील काळ्यांच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

३

अमेरिकेच्या नकाशावर आग्नेयेकडे एक पट्टा आहे. नॉर्थ कॅरोलायना, साउथ कॅरोलायना, जॉर्जिया, टेनेसी, अलाबामा, मिसिसिपी, आर्कान्सा आणि लुइझियाना ही राज्ये त्यात येतात. इथे लकव्याने होणारे मृत्यू उरलेल्या देशापेक्षा अधिक आहेत, हे १९४० च्या आसपासपासून दिसत आले आहे. वैद्यकात या प्रदेशाला ‘स्ट्रोक बेल्ट’ म्हणजे लकव्याचा पट्टा असेच नाव पडले. हा नकाशा जुन्या गुलामगिरीच्या आणि कापसाच्या मळ्यांच्या नकाशाला बराचसा झाकतो. मात्र या पट्ट्यातले गोरेही इतर प्रांतांतील गोऱ्यांपेक्षा लकव्याने अधिक मरतात. म्हणजे ज्या व्यवस्थेने काळ्यांना चिरडले, तिने त्या प्रदेशातले दवाखाने, शाळा, मजुरी यांचेही मान खाली ठेवले आणि गरीब गोराही त्यातून सुटला नाही. जातिव्यवस्था इतर गरिबांनाही कशी पिळते, हे ज्याला समजते त्याला यात नवल वाटणार नाही.

या प्रश्नाचा नीट शोध घेण्यासाठी २००३ साली बर्मिंगहॅम येथील अलाबामा विद्यापीठातून ‘रिगार्ड्स’ हा अभ्यास सुरू झाला. पंचेचाळीस वर्षांवरील ३०,२३९ काळी-गोरी माणसे त्यात नोंदवली गेली आणि वर्षानुवर्षे त्यांची विचारपूस होत राहिली. त्यातून निघालेल्या काही गोष्टी मुळातूनच समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट वयाची. ४५ ते ५४ या वयात काळ्या माणसाला पहिला लकवा येण्याचे प्रमाण गोऱ्याच्या सुमारे चौपट निघाले. पुढे पुढे हे अंतर कमी होत गेले आणि पंच्याऐंशीनंतर ते उरलेच नाही. हा फरक फक्त रक्तातला असता तर तो म्हातारपणी का विरावा? तो आहे तो ऐन कर्तेपणाच्या वयात. घरात शिकणारी पोरे असतात, डोक्यावर कर्ज असते, त्या वयात.

दुसरी गोष्ट उपचाराची. आपल्याला रक्तदाब आहे हे काळ्यांना गोऱ्यांपेक्षा अधिक ठाऊक होते, आणि औषध घेणाऱ्यांचे प्रमाणही त्यांच्यात अधिक होते. तरीही दाब काबूत असणारे काळ्यांमध्ये कमी होते. म्हणजे ‘हे लोक अडाणी आहेत, औषधच घेत नाहीत’ हा आवडता आक्षेप इथे टिकत नाही.

तिसरी गोष्ट अशी की, रक्तदाब वरच्या आकड्यात १० अंकांनी वाढला तर गोऱ्यांमध्ये लकव्याचा धोका ८ टक्क्यांनी वाढला आणि काळ्यांमध्ये २४ टक्क्यांनी. तेवढाच दाब, पण घाव तिप्पट. यामागे दाब किती वर्षे आणि किती लहान वयापासून चढलेला आहे, उपचार केव्हा सुरू झाला आणि कितपत नेटाने चालला, या गोष्टी असू शकतात.

चौथी गोष्ट, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान अशी सर्व परिचित कारणे आणि शिक्षण-उत्पन्न हेही हिशेबात घेतले, तरी काळ्या-गोऱ्यांतील अंतराचा सुमारे निम्माच भाग उलगडतो.

आहाराविषयी याच अभ्यासातून २०१८ साली महत्त्वाचा निष्कर्ष आला. काळ्यांमध्ये रक्तदाब अधिक प्रमाणात का जडतो, याच्या स्पष्टीकरणात सर्वांत मोठा वाटा दक्षिणेकडील आहाराचा निघाला : तळलेले पदार्थ, खारवलेले व प्रक्रिया केलेले मांस, साखरेची पेये. हा आहार हौसेने निवडला गेला नव्हता. मळ्यावरच्या गुलामाला मालकाकडून मक्याचे पीठ आणि खारवलेले डुकराचे मांस मापून मिळत असे. भुकेत जे मिळाले त्याचीच पुढे चव झाली, आणि चवीची परंपरा झाली. आपल्याला हे परके नाही. मिठाशी भाकरी खाल्लेल्या पिढ्यांना अळणी जेवा म्हणून सांगणे सोपे असते. ज्याच्या ताटात भाजी नव्हती, डाळ नव्हती, त्याची भाकर घशाखाली उतरवण्याचे काम मीठ-मिरचीनेच केले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा मीठ सुचवते. हे आपल्या वस्तीत सांगायलाच हवे. पण ते शेजारी बसून सांगायला हवे, व्यासपीठावरून नव्हे.

४

आता रक्ताचा मुद्दा. काळ्यांचा रक्तदाब मुळातच, वंशानेच अधिक असतो, असे अमेरिकेत पुष्कळ काळ मानले गेले. १९८० नंतर तर एक गृहीतक फार गाजले. गुलामांना जहाजांत कोंबून आणताना घाम, उलट्या, हगवण यांनी माणसे मेली. ज्यांचे शरीर मीठ धरून ठेवत होते तीच जगली. म्हणून त्यांच्या वंशजांत मीठ साठते आणि दाब चढतो, असा तो युक्तिवाद. ऐकायला तो काळ्यांच्या बाजूचा वाटतो. परंतु फिलिप कर्टिन या इतिहासकाराने १९९२ साली दाखवून दिले की, पश्चिम आफ्रिकेत मिठाचा तुटवडा होता ही त्याची बैठकच ऐतिहासिक पुराव्यावर उभी राहत नाही.

त्याहून ठोस उत्तर रिचर्ड कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दिले. त्यांनी पश्चिम आफ्रिका, कॅरिबियन बेटे आणि अमेरिका येथील आफ्रिकी वंशाच्या लोकांचा रक्तदाब एकाच पद्धतीने मोजला. उच्च रक्तदाब आढळला तो असा : पश्चिम आफ्रिकेत शंभरात १६, कॅरिबियनमध्ये २६, अमेरिकेत ३३. मूळ एकच, समुद्र ओलांडून जसजसे पुढे जावे तसतसा दाब चढत जातो. याच संशोधकांनी २००५ साली गोऱ्यांचे देशही शेजारी ठेवून पाहिले. तेव्हा जर्मनीतील गोऱ्यांमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण अमेरिकेतील काळ्यांपेक्षाही जास्त निघाले. मग आता दोष कोणत्या रक्ताचा म्हणायचा?

जपानचे उदाहरणही असेच बोलके आहे. १९६० च्या दशकात लकव्याने होणाऱ्या मृत्यूंत जपान जगात अगदी वरच्या क्रमांकावर होता. ईशान्येकडील अकिता भागात लोक दिवसाला वीस ग्रॅमहून अधिक मीठ खात. १९६५ च्या सुमारास सुरू झालेल्या एका अभ्यासात जपानमधील जपानी आणि हवाई व कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले जपानी यांची तुलना झाली. देश सोडून गेलेल्यांत लकवा कमी आणि हृदयविकार जास्त आढळला. रक्त तेच, रोग वेगळा. पुढे जपानने गावोगाव रक्तदाब तपासला, मीठ कमी केले, उपचार सर्वांपर्यंत नेले आणि लकव्याचे मृत्यू काही दशकांत कितीतरी पटींनी खाली आणले. तिथल्या माणसांचे रक्त बदलले नव्हते. बदलली होती ती व्यवस्था.

५

उरलेल्या निम्म्या अंतराचा शोध घेताना काही अभ्यासकांचे लक्ष ताणाकडे गेले. शर्मन जेम्स हे स्वतः काळे असलेले संशोधक. नॉर्थ कॅरोलायनात त्यांना जॉन हेन्री मार्टिन नावाचा एक वृद्ध शेतकरी भेटला. जन्म १९०७ चा, कुळाच्या घरात. शाळा नावापुरती. पण अहोरात्र राबून त्याने ७५ एकर जमीन घेतली आणि तिचे कर्ज पाच वर्षांत फेडले. पुढे त्याला उच्च रक्तदाब, संधिवात आणि पोटात इतका वाईट अल्सर जडला की जठराचा मोठा भाग कापून काढावा लागला. काळ्यांच्या लोककथेत जॉन हेन्री नावाचाच एक मजूर आहे. तो वाफेच्या यंत्राशी पैज लावतो, घणाचे घाव घालून जिंकतो आणि हातातला घण न सोडताच मरून पडतो. जेम्स यांनी या वृत्तीला ‘जॉन हेन्रीइझम’ असे नाव दिले. साधने तुटपुंजी, अडथळे डोंगराएवढे, आणि तरीही ‘मी करून दाखवीनच’ म्हणून राबणे. १९८३ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनात असे दिसले की, ही वृत्ती प्रबळ आणि शिक्षण-उत्पन्न कमी, अशा काळ्या माणसांत रक्तदाब अधिक आढळतो.

हे वाचले तेव्हा मी थांबलो. आमची पहिली शिकलेली पिढी दुसरे काय करते? वसतिगृहात राहून, कमवा-शिका योजनेत राबून पदवी घ्यायची. नोकरी लागली की ‘राखीव’ म्हणून मागे कुजबुज ऐकायची आणि ती खोटी पाडायला दुप्पट काम करायचे. भावंडांचे शिक्षण, बहिणीचे लग्न, गावाकडचे घर, चळवळीची वर्गणी, सगळे एका पगारात. गेल्या वर्षी महाविद्यालयातील तपासणी शिबिरात माझा रक्तदाब १५०/१०० निघाला. वय छत्तीस. शिबिरातील डॉक्टर म्हणाले, ‘टेन्शन घेऊ नका, सर.’ मी हसलो.

याचा अर्थ धडपड सोडावी असा मुळीच नाही. बाबासाहेबांच्या मार्गाने जाणाऱ्याला ते शक्यही नाही. अर्थ एवढाच की, समाजाने सर्वांसाठी करायची चढण एकेका माणसाने एकट्याच्या छातीवर करायची ठरवली, तर तिची किंमत धमनी मोजते. म्हणून धडपड संघटित असली पाहिजे. हा राजकीय निष्कर्ष आहे, तसाच तो आरोग्याचाही आहे.

६

इथे एक प्रामाणिक शंका घेतली पाहिजे. रक्ताचा दोष कधीच नसतो काय? असतो. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आई-बाप दोघांकडूनही तो दोष आला तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि नसांत अडकतात. अमेरिकेतील अभ्यासात अशा रुग्णांपैकी शंभरात सुमारे अकरा जणांना विसाव्या वर्षाच्या आत लकवा आला होता. लकवा हा म्हाताऱ्यांचा रोग, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आपल्याकडे हा आजार विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात मोठ्या प्रमाणात आहे. गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा या आदिवासींत आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात तो विशेष आढळतो. इतर जातींतही तो आहे. याचे कारण जात नसून मलेरिया आहे. एकाच बाजूने दोष आलेला वाहक आजारी नसतो, आणि त्याला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाच्या मुलखात तो टिकला. भारतातील प्रकार आफ्रिकेतल्यापेक्षा काहीसा सौम्य असतो, असे सांगितले जाते. पण घराघरांतील वेदनेने तळमळणारी पोरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी या शब्दावर विसंबून राहू नये.

इथे आपला आणि काळ्यांचा इतिहास पुन्हा जवळ येतो. १९६६ साली स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाने १९७१ साली आपल्या मोफत दवाखान्यांतून सिकलसेलची तपासणी हाती घेतली. ‘सरकारला आमच्या रोगाशी देणेघेणे नाही’ हा त्यांचा आरोप होता. १९७२ साली अमेरिकी सरकारने सिकलसेलसाठी स्वतंत्र कायदा केला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव आपण तिकडून घेतले, धगही घेतली. दवाखाने मात्र घेतले नाहीत. भारतात सिकलसेलचे राष्ट्रीय अभियान सुरू व्हायला १ जुलै २०२३ उजाडावा लागला.

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असे सिद्ध झाले की, सिकलसेलच्या ज्या मुलांच्या मेंदूतील रक्ताचा वेग ध्वनिलहरींच्या तपासणीत वाढलेला दिसतो, त्यांना नियमित रक्त दिले तर पहिल्या लकव्याचा धोका ९० टक्क्यांच्या आसपास कमी होतो. म्हणजे दोष रक्तात असला, तरी त्या मुलाचा हात लुळा पडणार की नाही, हे तपासणी आणि रक्तपेढी त्याच्या गावापासून किती दूर आहे यावर ठरते. मात्र सावधगिरीही हवी. अमेरिकेत सक्तीच्या तपासण्यांनंतर निरोगी वाहकांनाही कलंक लागला, आणि हवाई दलाच्या अकादमीने १९८१ पर्यंत त्यांना प्रवेश नाकारला. तपासणी झाली पाहिजे. पण तिचे कार्ड नवे जातीचे प्रमाणपत्र होता कामा नये.

७

‘हा श्रीमंतांचा, शहरी रोग’ हा समज गडचिरोलीने खोटा ठरवला आहे. ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी तेथील ८६ खेड्यांतील मृत्यूंचा अभ्यास करून २०१५ साली तो प्रसिद्ध केला. त्या खेड्यांत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण लकवा निघाले. शंभरातले सुमारे चौदा मृत्यू त्याने झाले होते, आणि त्यांपैकी बहुतेक माणसे घरीच मेली होती. आपल्या वस्त्यांतील इतर कारणेही ओळखीचीच आहेत : खर्रा, बिडी आणि बायकांची मिसरी, चुलीचा धूर, कोंदट खोल्यांत लहानपणी घशाच्या संसर्गातून झालेला सांधेताप, जो हृदयाच्या झडपा खराब करतो आणि तिथली गुठळी पुढे तरुणपणीच मेंदूत जाते, अंगात रक्त नसलेली बाळंतीण, जिला काही घरांत पाणीही बेताने देतात आणि जिच्या मेंदूच्या शिरांत रक्त गोठते. यांतल्या कशालाही ‘वारं’ म्हणता येणार नाही.

मग करायचे काय? दोन उदाहरणे देतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात उच्च रक्तदाबाच्या १०,९४० लोकांचे दोन गट केले. एका गटाला विशेष केंद्रांत फुकट आणि चिकाटीने उपचार दिले, दुसऱ्याला नेहमीच्या डॉक्टरकडे पाठवले. १९७९ साली निष्कर्ष आला : पहिल्या गटात पाच वर्षांतील मृत्यू १७ टक्क्यांनी कमी होते, आणि सर्वाधिक लाभ काळ्या स्त्री-पुरुषांना झाला होता. गोळी दारात गेली की ‘वंश’ मागे सरतो.

दुसरे उदाहरण २०१८ सालचे, लॉस एंजेलिसचे. काळ्यांच्या ५२ केशकर्तनालयांतील ३१९ गिऱ्हाइके निवडली. काही दुकानांत न्हावी रक्तदाबाविषयी बोलत आणि औषधतज्ज्ञ तिथेच येऊन मोजणी करून औषधे ठरवून देत. इतर दुकानांत डॉक्टरकडे जाण्याचा नुसता सल्ला दिला जाई. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला, दुसऱ्याचा ९ अंकांनी. ज्या गावांत न्हाव्याचा वस्तरा आमच्या डोक्याला पिढ्यान्‌पिढ्या लागला नाही, तिथल्या माणसाला या प्रयोगाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. माणसाला औषध हवे असते, आणि ते मानाने बसायला मिळेल अशा जागी हवे असते. आपल्याकडे अशी जागा विहार आहे, समाजमंदिर आहे, बचतगटाची बैठक आहे.

कार्यकर्त्यांना माझे सांगणे असे. वस्तीत एक रक्तदाबयंत्र ठेवा आणि तिशीच्या पुढच्या प्रत्येकाच्या दंडाला वर्षातून एकदा तरी पट्टी बांधा. दाब पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून अधिक आला तर त्या माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, आणि दर महिन्याच्या गोळ्या तिथे मिळतात की नाही यावर पाळत ठेवा. नसतील तर मोर्चा काढायला ते पुरेसे कारण आहे. या गोळ्या स्वस्त आहेत. देशाचा उच्च रक्तदाब नियंत्रण कार्यक्रम २०१७ साली ज्या पाच राज्यांत सुरू झाला, त्यांत महाराष्ट्र होता. म्हणजे हे आपण मागतो ते दान नव्हे. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांतले एकही दिसले तर तडक मेंदूची छायाचित्र तपासणी, म्हणजे सीटी स्कॅन, असलेल्या रुग्णालयाकडे निघा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते, आणि नस फुटलेली नाही याची खात्री करूनच. तोवर घरी काही पाजू नका, चारू नका.

विद्यार्थी-शिक्षकांसाठी दुसरे काम आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ पासून लोकांचा रक्तदाब मोजला जातो, आणि त्यांचा जातवर्गही नोंदला जातो. ही सामग्री अभ्यासकांना मागितल्यावर मिळते. अनुसूचित जाती-जमातींत दाब किती, कोणत्या वयात, उपचार किती जणांना, हे प्रश्न आपण विचारायचे आहेत. ते आपण विचारले नाहीत तर उद्या दुसरे कुणी आकडे काढील आणि म्हणेल, ‘यांच्या रक्तातच आहे.’ त्या वेळी उत्तर द्यायला आपल्याजवळ अभ्यास असला पाहिजे.

बाप त्या झटक्यानंतर चार वर्षे जगला. उजवा हात परत आला नाही. डाव्या हाताने जेवायला तो शिकला. जोतीरावांच्या डाव्या हाताने ग्रंथ लिहिला, कारण त्या हाताला अक्षर ठाऊक होते. बापाच्या दोन्ही हातांना ते कधी मिळाले नव्हते. अक्षर आता आम्हाला मिळाले आहे. पुढच्या माणसाचा उजवा हात शाबूत राहावा, यासाठी ते वापरणे हे आपले काम आहे.